मेश वाय-फाय : तारेची आणि बिनतारी जोडणी

मेश वाय-फाय म्हणजे एकाच राउटरवर भिस्त न ठेवता, घरात ठिकठिकाणी ठेवलेल्या दोन किंवा अधिक नोडनी (वाय-फाय पसरवणाऱ्या छोट्या उपकरणांनी) मिळून उभारलेले, एकाच नावाचे आणि एकाच पासवर्डचे घरगुती जाळे. इंटरनेटची जोडणी ज्याला येऊन मिळते तो मुख्य नोड आणि बाकीचे उपनोड. त्यांच्यातल्या दुव्याला बॅकहॉल म्हणतात. हा दुवा लॅन केबलचा असतो किंवा बिनतारी. फोन जवळच्या नोडशी कसाही बिनतारीच बोलतो, त्यामुळे तारेचा प्रश्न फोनचा नसून नोडांच्या आपापसातल्या जोडणीचा आहे. फोनवर वाय-फायच्या साऱ्या रेषा भरलेल्या असूनही व्हिडिओ अडकतो, तेव्हा बहुधा हाच दुवा अशक्त असतो, कारण त्या रेषा फक्त जवळच्या नोडपर्यंतची ताकद दाखवतात.

बिनतारी मेशचे ८०२.११एस हे मानक आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेकडून २०११ मध्ये मंजूर झाले. निरनिराळ्या कंपन्यांचे नोड एकमेकांशी जुळावेत म्हणून वाय-फाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने २०१८ मध्ये इझीमेश हे सामाईक मानक आणले. तरी पुष्कळ संच आजही फक्त आपल्याच कंपनीच्या नोडला ओळखतात.

बिनतारी दुव्याची मुख्य अडचण अशी की, एका रेडिओला एकाच चॅनलवर एकाच वेळी बोलणे आणि ऐकणे जमत नाही. उपनोडने जो रेडिओ फोनसाठी वापरायचा तोच मुख्य नोडकडे निरोप पोचवायलाही वापरला, तर मिळणारा वेग ढोबळमानाने निम्मा होतो आणि पुढच्या टप्प्यावर त्याचाही निम्मा. ट्राय-बँड, म्हणजे तीन रेडिओंच्या, संचांत बॅकहॉलसाठी वेगळा रेडिओ राखून ही गळती टाळता येते. भिंत मात्र त्यालाही चुकत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी पार होतात, पण त्यांचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतीपाशी लवकर दमतात.

कोकणातल्या चिरेबंदी घरात हे चांगलेच जाणवते. जांभ्याची भिंत जाड असते आणि हा दगड सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो. पाणी तर या लहरी शोषून घेते. म्हणून ओटीवरचा मुख्य नोड आणि मागच्या पडवीतला उपनोड यांच्यातला जो दुवा मे महिन्यात ठीक चालत होता, तो आषाढात सुस्तावू शकतो. तार नकोच असेल, तर ओटी, माजघर आणि मागील दार यांचे दरवाजे ज्या रेषेत येतात त्या रेषेवर नोड ठेवावेत. ज्या जुन्या घरांत आतल्या भिंती कौलांपर्यंत पोचत नाहीत, तिथे नोड माळ्याच्या उंचीला ठेवले की भिंतींच्या वरून लहरींना वाट मिळते. वर पत्रे घातलेले असले तरी ही वाट त्यांच्या खालून जात असल्याने अडत नाही. पत्र्याची आडवी भिंत मध्ये आली तर मात्र आशा सोडावी.

तारेचा दुवा या सगळ्यातून सुटतो. कॅट ५ई या प्रकारची लॅन केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट प्रतिसेकंद वेग देते आणि घरात याहून अधिक क्वचितच लागते. कॅट ६ केबल सुमारे ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही पेलते. शिवाय बॅकहॉल तारेवर गेला की नोडचे सगळे रेडिओ फोनसाठी मोकळे होतात. गणपतीत चाकरमानी आले आणि एका माजघरात वीस फोन एकदम जाळ्यावर चढले, की या मोकळेपणाची किंमत कळते.

किनाऱ्यावर तारेलाही खोडी आहेत. केबलमध्ये चार जोड्यांत मिळून आठ तारा असतात. गिगाबिटला आठही लागतात, १०० मेगाबिटला चार पुरतात. खाऱ्या दमट हवेने टोकाच्या कनेक्टरमधल्या एखाद्या पिनेवर गंज चढला, की दुवा तुटतोच असे नाही, पुष्कळदा तो मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरतो. जाळे चालूच असल्याने हे महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. अ‍ॅपमध्ये किंवा राउटरच्या पानावर पोर्टचा, म्हणजे केबल खोचायच्या खाचेचा, वेग पाहिला तरच उमगते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल घेऊ नये, ती पूर्ण तांब्याची असावी. माळ्यावरून नेताना तिला पाइपात घालावे, नाहीतर उंदीर तिचा निकाल लावतात.

सगळीकडे तार ओढायची गरज नसते. सर्वांत लांबचा किंवा सर्वाधिक वापराचा उपनोड तारेवर आणि उरलेला बिनतारी, ही तडजोड बहुतेक घरांना पुरते. जिथे तार आहे तिथे तीच वापरायची, हे अनेक संच आपोआप ठरवतात. दोन्ही प्रकारांत प्रत्येक नोडला वीज लागतेच. वादळी पावसात वीज गेल्यावर नुसता मुख्य नोड इन्व्हर्टरवर असेल, तर मागची पडवी जाळ्याबाहेर जाते.

घरापासून सुटा असलेला मांगर किंवा वाडीतल्या होमस्टेच्या खोल्या जोडायच्या असतील, तर उघड्यावरून तांब्याची केबल नेणे धोक्याचे आहे. मान्सूनपूर्व आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात. जवळपास वीज पडली तरी अशा तारेत विद्युतदाब उसळतो आणि दोन्ही टोकांची उपकरणे जळू शकतात. काच वीज वाहून नेत नाही, म्हणून अशा ठिकाणी धातूची तार नसलेली ऑप्टिकल फायबर, म्हणजे काचतंतूची केबल, टाकून दोन्ही टोकांना तिच्यातला प्रकाश आणि लॅन केबलमधले विद्युत संकेत यांची अदलाबदल करणारे मीडिया कन्व्हर्टर लावतात.