डागडुजी की पुनर्बांधणी? ०-५ चे दोन सामने

बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या भिंतीला दर पावसाळ्यानंतर लोणा लागायचा. तीन वर्षं आम्ही तो खरवडला, वर प्लास्टर मारलं आणि दिवाळीआधी रंग देऊन मोकळे झालो. पाहुणे म्हणायचे, घर अगदी नवं दिसतंय. चौथ्या वर्षी आलेल्या कडियाने, म्हणजे गवंड्याने, भिंतीवर नुसता हात ठेवला. "साहेब, भेज नीचेथी आवे छे," (ओल खालून येतेय) म्हणाला आणि जोत्यापासून दीड फूट भिंत फोडायला घेतली. दोन महिने घराकडे बघवत नव्हतं. शेजारच्या काकू विचारायच्या, "पाडताय की काय?"

फुटबॉल क्लबच्या मॅनेजरला ठेवावं की काढावं यावरून भाच्याशी वाद झाला की मला ती फोडलेली भिंत आठवते. भाचा मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबचा चाहता. त्याचं ठरलेलं वाक्य: "मामा, वेळ द्यायला हवा. फर्ग्युसनलाही वर्षं लागली." फर्ग्युसन म्हणजे युनायटेडचा सगळ्यांत यशस्वी मॅनेजर. पण वेळ डागडुजीही खाते आणि पुनर्बांधणीही, त्यामुळे नुसती वर्षं मोजून काहीच कळत नाही. आणखी एक घोळ असा की डागडुजीत गुणतक्ता लगेच छान दिसतो, तर खऱ्या पुनर्बांधणीत तो आधी बिघडण्याचीच शक्यता जास्त.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा २०२०-२१ चा हंगाम संपला तेव्हाचा तक्ता बघा. मॅनेजर सोल्शायरचं युनायटेड ७४ गुणांसह दुसरं, मॅनेजर आर्टेटाचं आर्सेनल ६१ गुणांसह आठवं. आर्सेनलला २५ वर्षांत पहिल्यांदाच युरोपात कुठलीच स्पर्धा खेळायला मिळणार नव्हती. कोणाला काढायचं असं त्या दिवशी विचारलं असतं तर मीसुद्धा आर्टेटाचंच नाव घेतलं असतं.

पुढच्या मोसमात दोघांनाही ०-५ चा मार बसला. २८ ऑगस्ट २०२१, शनिवार, आपल्याकडे संध्याकाळचे पाच: मँचेस्टर सिटीने आर्सेनलला धुतलं. लागोपाठ तिसरी हार, तीन सामन्यांत एकही गोल नाही, तक्त्यात तळाला. मग २४ ऑक्टोबर, रविवार रात्री नऊ: लिव्हरपूलने युनायटेडला त्यांच्याच मैदानावर. मध्यंतरालाच ०-४ झालं होतं. भाच्याने सुरसागर तलावाजवळून आणलेली सेव-उसळ तशीच टेबलावर राहिली, वरची शेव मऊ पडून रश्श्यात बसली.

आकडा एकच, पण मैदानावर होतं कोण? सिटीसमोरच्या आर्सेनलच्या अकरांत लेनो, चेंबर्स, कोलासिनाच, ऑबामेयांग होते, आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत हे चौघेही क्लब सोडून गेले. नवा बचावपटू बेन व्हाइट बाहेर होता, तोमियासू तर अजून यायचाच होता. म्हणजे हरला तो मोडीत निघालेला संघ. लिव्हरपूलसमोर मात्र सोल्शायरने जवळजवळ तीन वर्षांत जमवलेलाच संघ उभा होता: त्याने आणलेले मॅग्वायर, वान-बिसाका, ब्रुनो फर्नांडिस आणि सगळ्यांत पुढे नुकताच आलेला ३६ वर्षांचा रोनाल्डो. हा तयार झालेला माल होता. महिन्याभरात सोल्शायरला काढलं.

सोल्शायरवर अन्याय नको. सुरुवात त्यानेही साफसफाईनेच केली होती, लुकाकूला विकलं, सांचेझला बाहेर धाडलं. माझ्या मते गाडी घसरली ती रोनाल्डो आला तेव्हा. गडी महान, त्या हंगामात लीगमध्ये १८ गोल केले, आणि युनायटेड ७४ वरून ५८ गुणांवर येऊन सहावं. आर्सेनलने त्याच हंगामात उलटं केलं. शिस्तीच्या कारणावरून ऑबामेयांगची कॅप्टनसी डिसेंबरात काढली, हिवाळ्यात त्याला जाऊ दिलं, त्याच्या जागी कोणालाच घेतलं नाही. शेवटी पाचवे आले, पहिल्या चौघांना मिळणारी युरोपातली मोठी स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, दोन गुणांनी हुकली. तो असता तर ते दोन गुण कदाचित मिळालेही असते. नुसती डागडुजी करायची असती तर त्याला सांभाळून घेतलंच असतं.

अर्थात, भिंत फोडून ठेवून पसार होणारे कडियेही असतात. म्हणून फोडल्यावर विटा कुठल्या येतात तेही बघायचं. आर्सेनलने २०२१ च्या उन्हाळ्यात सहा खेळाडू घेतले, सगळे २३ किंवा त्याहून लहान. सगळे टिकले नाहीत, लोकोंगा आणि तावारेस मागे पडले. पण ओडेगार्ड, व्हाइट, रॅम्सडेल, तोमियासू यांच्यावर पुढचा संघ उभा राहिला, आणि क्लबच्याच अकादमीतला साका घरचा होताच.

आता फर्ग्युसन, कारण भाचा सोडणार नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये तो आला तेव्हा युनायटेड २२ संघांत २१ वं होतं. हंगामअखेरचे पुढचे क्रमांक ११, २, ११, १३. पहिली लीग जिंकली ती थेट १९९२-९३ ला. पण मधल्या काळात तो नुसता थांबला नव्हता. मॅकग्रा आणि व्हाइटसाइड हे चाहत्यांचे लाडके १९८९ मध्ये गेले, पोरं हेरणारी माणसं वाढवली, १४ वर्षांच्या गिग्जला करारात घेतलं. दुसऱ्या क्रमांकावरून अकराव्यावर घसरल्यावर कोणीही म्हणालं असतं, गेलं सगळं. वर्षांचा दाखला द्यायचा तर या कामांचाही द्यावा, नाहीतर फर्ग्युसनचं नाव घेऊन कोणालाही दहा वर्षं देता येतील.

भाच्याचा शेवटचा बाण: "मग आर्सेनल २०२३, २४, २५, तिन्ही वेळा दुसरंच ना? तेव्हा लीग कुठे जिंकली?" बरोबर आहे. ८४, ८९, ७४ गुण, आणि तिन्ही हंगाम लीगपुरते हात रिकामे.

आमची मागची भिंत तीन पावसाळे कोरडी आहे. पत्र्याचं काम अजून राहिलंय.