निपलमधून ग्रीस मारलं की बेअरिंग उघडायला नको?

'हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, टोपीवर ग्रीस भरायला निपल असतं, त्यात ग्रीसगनचे चार स्ट्रोक मारले की बेअरिंग उघडायचं कारणच नाही,' असं बोटीचा ट्रेलर बाळगणारे एकमेकांना वर्षानुवर्षं सांगत आलेत. हे चूक आहे, आणि त्यापायी भररस्त्यात चाक निखळू शकतं.

पुण्याहून पानशेतपर्यंत ट्रेलर ओढत नेला की हब तापतो. तसाच धरणाच्या गार पाण्यात उतरवला की आतली हवा आकसते आणि मागच्या रबरी सीलच्या कडेतून पाणी आत ओढलं जातं. टोपीतून मारलेलं ग्रीस बऱ्याच हबमध्ये बाहेरच्या बेअरिंगपाशीच थांबतं; आतल्या बेअरिंगमधलं पाणी तिथंच राहतं. जोर लावून मारलं तर सील बाहेर ढकललं जातं आणि ब्रेक असतील तर ग्रीस थेट त्यांवर. काही अॅक्सलमध्ये मागपर्यंत ग्रीस नेणारं भोक असतं, पण सील तिथंही तपासावंच लागतं.

म्हणून वर्षातून एकदा हब उघडाच. ग्रीस दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. बेअरिंग रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवा. रोलरवर खड्डे किंवा निळसर झाक दिसली तर कप (बेअरिंगची बाहेरची कडी) आणि कोन (रोलर बसवलेली आतली कडी) दोन्ही बदला. पुण्यात नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, जुनं बेअरिंग नंबरासकट घेऊन जा. मग तळहातावर मरीन ग्रीसचा (पाण्याने सहज धुऊन न जाणाऱ्या ग्रीसचा) गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहा, रोलरांमधून ग्रीस वर येईपर्यंत. सील नवंच घाला, नट अडकवून ठेवणारी स्प्लिट पिनही नवी.

आणि पाण्यात उतरवण्याआधी हब हाताला गार लागेपर्यंत थांबा. तेवढ्यात बोटीचे मागचे पट्टे सोडून होतात.