मेंदूखालचं कडं

पोटातल्या गाठीनं दगावलेल्या एका माणसाचं शवविच्छेदन थॉमस विलिस करत होता. कवटी उघडल्यावर दिसलं, की मेंदूला रक्त पुरवणारी उजवी कॅरोटिड धमनी दगडासारखी कठीण होऊन पार बुजली आहे. त्या बाजूचा मेंदू केव्हाच मरायला हवा होता. पण हा माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर होता, हातपायही धड होते! मग त्याच बाजूला मणक्यांमधून वर चढणाऱ्या धमनीकडे विलिसचं लक्ष गेलं. ती नेहमीपेक्षा कितीतरी जाड झाली होती.

विलिस (१६२१–१६७५) ऑक्सफर्डचा डॉक्टर. सुरुवातीला बाजाराच्या दिवशी ॲबिंग्डन गावात जाऊन रोगी शोधायचा, १६६० मध्ये तो विद्यापीठात प्राध्यापक झाला. तोवर मेंदू कवटीतच ठेवून वरून चकत्या पाडत तपासायची रीत होती. विलिस आणि त्याचा सहकारी रिचर्ड लोअर यांनी अख्खा मेंदू बाहेर काढला आणि उलटा केला. तळाशी धमन्यांचं एक कडं दिसलं. पुढून दोन कॅरोटिड, मागून मणक्यांच्या दोन धमन्या, आणि चारही एकमेकींना जोडलेल्या.

हे कडं आधीही काहींनी पाहिलं होतं, पण ते कशासाठी, हे विलिसनं ताडलं. त्यानं एकाच कॅरोटिडमध्ये शाई सोडली, तर ती मेंदूच्या दोन्ही बाजूंना पोचली. म्हणजे एक वाट बंद झाली तरी बाकीच्या वाटांनी रक्त फिरतं. मला विलिसची थोरवी इथे वाटते: मृत माणूस का मेला एवढ्यावर न थांबता, तो इतके दिवस जगला कसा, हे त्यानं विचारलं.

१६६४ मध्ये त्याचा मेंदूवरचा लॅटिन ग्रंथ आला. त्यातली चित्रं काढणाऱ्यांत ख्रिस्तोफर रेन होता, पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल उभारणारा. लोअरच्या कामाचं श्रेय विलिसनं प्रस्तावनेतच दिलं. (मधुमेह्यांची लघवी मधासारखी गोड असते, हेही त्यानं नोंदवलं. आपल्या आयुर्वेदाला ते फार आधीपासून ठाऊक होतं, ‘मधुमेह’ हा शब्दच त्याची साक्ष.)

आज त्या कड्याला ‘सर्कल ऑफ विलिस’ म्हणतात. सगळ्यांचं कडं पूर्ण नसतं, कुणाची एखादी जोडधमनी दोऱ्यासारखी बारीक असते. म्हणून कॅरोटिडमधला अडथळा काढताना सर्जन धमनी काही वेळ चिमट्यानं बंद करतात, तेव्हा दुसऱ्या वाटेनं मेंदूला पुरेसं रक्त पोचतंय का, यावर त्यांचं सतत लक्ष असतं.