आजीच्या काळची स्वस्ताई: खुलासा

‘आजीच्या तरुणपणी, १९३०-४०च्या काळात, रुपयात आठवड्याचा बाजार व्हायचा, म्हणून गावात सगळे सुखी होते,’ हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतोय. स्वस्ताईचं खरं आहे. ‘म्हणून सुखी’ मात्र जुळत नाही.

धान्य स्वस्त म्हणजे शेतकऱ्याचा माल मातीमोल. १९२८ ते १९३४ दरम्यान हिंदुस्थानात गव्हाचा भाव निम्म्यावर आला. सरकारचा शेतसारा आणि सावकाराचं व्याज त्या प्रमाणात उतरलं नाही. मग रोकड कुठून आणायची? सुनेच्या अंगावरून. आधी पाटल्या गेल्या, मग पुतळ्या. गळ्यात काळी पोत उरली. १९३१ नंतर देशातून सोन्याचा ओघ बाहेर लागला, त्यात अशा कितीतरी घरांचं सोनं होतं.

पुढे महायुद्धात उलटं झालं. भाव चढले, रॉकेल आणि कापड मिळेना. म्हणजे ‘१९३०-४०ची स्वस्ताई’ हा एक सलग काळ नव्हताच.

पडताळायचं असेल तर घरातली जुनी वही काढा. खरेदीच्या भावाशेजारी धान्यविक्रीचा भाव आणि मजुरी ठेवून बघा. गहाणखत सापडलं तर तारीख वाचा. आजीच्या डब्यात १९४३ नंतरचा भोकाचा पैसा असू शकतो. ते भोक नक्षीसाठी नव्हतं, युद्धात धातू वाचवायला पाडलेलं होतं.