एका पानावरून पुस्तक अश्लील ठरते का?

शालेय ग्रंथालयातील पुस्तकात लैंगिक वर्णनाचे एक पान जरी सापडले, तरी ते पुस्तक कायद्याने अश्लील ठरते, असा मजकूर सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर अधूनमधून फिरतो. वस्तुस्थिती तशी नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 294 नुसार मजकुराचा एकूण परिणाम आणि तो कोणाच्या वाचनात येण्याची शक्यता आहे, हे पाहिले जाते. विज्ञान, साहित्य, कला वा विद्येसाठी लोकहिताचे असल्याचे सिद्ध झालेले प्रकाशन त्यातून वगळले आहे. अर्थात प्रौढांची कादंबरी पाचवीच्या कपाटात चालेल, असा याचा अर्थ नव्हे. बालकांना अश्लील साहित्य दिल्यास कलम 295 मध्ये पहिल्याच गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद आहे. अशा पानाचे छायाचित्र आल्यास ते पुस्तक शाळेत मुळात आहे का, हे ग्रंथपालांकडील दाखल नोंदवहीत आधी पाहावे आणि मग त्याची मागचीपुढची प्रकरणे वाचावीत.