चेंडू हातात किती जागा मागतो

झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे ओढतो, हे उदाहरण एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकातलं. थांबायला वेळ जास्त, म्हणून बल कमी. न्यूटनच्या १६८७ मधल्या दुसऱ्या नियमातून ते सरळ निघतं. मैदानावर मात्र अंतराचा हिशोब जास्त कामाचा, आणि त्याची मुळं हॉलंडमध्ये आहेत.

लायडनचा शास्त्रज्ञ विलेम स ग्राव्हेसांदे याने १७२० च्या दशकात पितळी गोळे मऊ मातीत टाकून खड्डे मोजले. वेग दुप्पट केला की खड्डा चौपट खोल! हलत्या वस्तूचा जोर मोजताना वेगाचा वर्ग धरा, असं जर्मन गणितज्ञ लाइब्निट्झ १६८६ पासून सांगत होता. त्याच्या बाजूने मातीनेच साक्ष दिली.

झेलात ही माती म्हणजे आपला हात. साधारण १६० ग्रॅमचा लेदर बॉल ताशी १०८ किलोमीटरने आला, तर त्याच्यात ७२ ज्यूल ऊर्जा असते. तिला थांबण्याच्या अंतराने भागलं की सरासरी बल मिळतं. हात ताठ ठेवून तो तीन सेंटिमीटरात थांबवला, तर सरासरी बल २४०० न्यूटन, म्हणजे जवळपास २४५ किलोचा भार. तीस सेंटिमीटर जागा दिली की तेच बल २४० न्यूटनवर येतं. ताठ हातातून बॉल उसळून सुटतो तोही याचमुळे.

ही जागा वाढवायला बेसबॉलने चामडं आणलं. १८७५ च्या सुमारास सेंट लुईसचा खेळाडू चार्ल्स वेट याने हाताच्या रंगाचा ग्लव्ह घातला, कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. पुढे १९२० च्या सुमारास पिचर बिल डोकने ग्लव्हच्या अंगठा आणि तर्जनीमध्ये जाळी बसवली. बॉल तळव्याऐवजी ग्लव्हच्या खोबणीत थांबू लागला. क्रिकेटने झेलासाठी ग्लव्ह फक्त यष्टिरक्षकाला दिले. तिथेही जाळी अंगठा आणि तर्जनीमध्येच चालते.

शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, पुस्तकातलं उदाहरण तोकडं पडतं. दोन मीटरवरून त्याच वेगाचा बॉल ०.०७ सेकंदात पोचतो. पाहून हालचाल करायलाच माणसाला ०.२ सेकंदाच्या आसपास लागतात. हात मागे ओढायला सवडच नाही. ते आधीच पुढे, कोपरात सैल हवेत, म्हणजे बॉलच त्यांना मागे ढकलतो. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर हेल्मेटशिवाय तिथे उभा राहायचा: २७ कसोटींत ५३ झेल. १९७१ मध्ये ओव्हलवर वेंकटराघवनच्या बॉलवर त्याने पुढे झेपावून अ‍ॅलन नॉटला टिपलं.

झेल घेताना बऱ्याच दुखापती बोटांची टोकं बॉलकडे रोखल्याने होतात. बॉल छातीच्या खाली आला तर बोटं जमिनीकडे, छातीच्या वर आला तर आकाशाकडे. मधल्या उंचीवर घोटाळा होतो, तिथे गुडघे वाकवून किंवा बाजूला सरकून उंची बदलावी. टोकावर बॉल बसला की शेवटचं पेर सरळ ठेवणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटते आणि बोटाचं टोक खाली लोंबतं. मग साधारण सहा ते आठ आठवडे पेर सरळ धरणारी पट्टी. मध्येच एकदा जरी पेर वाकलं, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.