सागरी मत्स्यालयातील लवणतामापन

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत विरघळलेल्या लवणांचे प्रमाण ठरवण्याची क्रिया. हे प्रमाण दर किलो पाण्यामागे ग्रॅममध्ये, म्हणजे ‘पीपीटी’त सांगतात. खुल्या समुद्रात ते साधारण 35 असते आणि प्रवाळ पाळणारे बहुतेक जण तोच आकडा धरून चालतात. लवणतेला मराठीत सर्रास ‘क्षारता’ म्हणतात. मत्स्यालयापुरता तरी तो शब्द टाळलेला बरा. प्रवाळाच्या टाकीत अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल शमवण्याची ताकद, वेगळी मोजावी लागते, आणि क्षारता खरे तर ती.

सागरी मासे समुद्राचे पाणी पितात आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे थोडा चढउतार ते सोसतात. प्रवाळ, तारामासा यांच्याकडे अशी सोय नाही. भोवतीच्या पाण्याबरोबर त्यांच्या अंगातले द्रवही बदलतात. टाकीतले पाणी मात्र स्थिर राहत नाही. बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ मागेच राहते. 100 लिटरच्या टाकीतून 3 लिटर पाणी उडाले, की 35 चे 36 होतात. उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावला असेल तर याला फार दिवस लागत नाहीत. ही तूट गोड्या, आरओच्या पाण्याने भरायची असते, खाऱ्या नव्हे.

मापनातली खरी अडचण अशी, की घरगुती साधनांपैकी एकही साधन मीठ मोजत नाही. हायड्रोमीटर पाण्याची उचल मोजतो, रिफ्रॅक्टोमीटर प्रकाशाचे वळणे, आणि प्रोब विजेचे वहन. त्यावरून मिठाचा अंदाज बांधता येतो, कारण खुल्या समुद्रातल्या प्रमुख लवणांचे परस्परप्रमाण जवळजवळ सगळीकडे सारखे असते. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन जहाजाच्या 1872–76 च्या सफरीत आणलेल्या पाण्याचे 77 नमुने तपासून रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी हे 1884 मध्ये पक्के केले. पुढे बराच काळ पाण्यातल्या क्लोराइडवरून लवणता काढत. 1978 च्या मोजपट्टीपासून सागरशास्त्राने विद्युतवाहकता प्रमाण मानली.

हायड्रोमीटर सर्वांत स्वस्त. प्लॅस्टिकच्या डबीत काटा वर उचलला जाणारा प्रकार नवख्यांच्या हाती हमखास असतो, आणि तोच सर्वांत लहरी: काट्याला एखादा बुडबुडा चिकटला की आकडा वर जातो, मिठाचे कीट बसले की खाली. काचेचा तरंगता हायड्रोमीटर त्याहून कितीतरी भरवशाचा, पण त्यावर काय छापले आहे ते वाचावे लागते. 35 पीपीटीच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे त्याच तापमानाच्या शुद्ध पाण्याच्या तुलनेत ते किती जड, 25° से. ला सुमारे 1.0264 असते, तर त्याच पाण्याची घनता दर मिलिलिटरला 1.0233 ग्रॅम. घनतेची पट्टी विशिष्ट गुरुत्वाची समजून वाचली, तर चांगले पाणी चार पीपीटीने कमी वाटते आणि माणूस मीठ ओतत बसतो. शिवाय 25° साठी बनवलेले साधन 30° च्या पाण्यात सुमारे 2 पीपीटी कमी दाखवते.

रिफ्रॅक्टोमीटरला दोन-चार थेंब पुरतात. ते काचेवर टाकायचे, झाकण बुडबुडे न येऊ देता मिटायचे, अर्धा मिनिट थांबायचे आणि उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्यामधली रेघ वाचायची. शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) 1.3330, समुद्राच्या पाण्याचा 1.3394. सगळा खेळ एवढ्याशा फरकात चालतो. बाजारातली कित्येक रिफ्रॅक्टोमीटर समुद्रासाठी नव्हे, तर साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असतात. अशा पट्टीवर 35 चे सागरी पाणी 36.5 दिसते, उलट पट्टीवर 35 दिसले, तर टाकीत प्रत्यक्षात 33.6 असते. शुद्ध पाण्यावर शून्य लावून ही चूक सुटत नाही, कारण शून्यापाशी ती नसतेच. म्हणून जिथे मोजायचे त्या 35 च्या आसपासच्या प्रमाण द्रावावरच, म्हणजे आकडा आधीच ठाऊक असलेल्या द्रावावर, साधन लावावे.

असा द्राव घरी करता येतो: 36.5 ग्रॅम कोरडे, शुद्ध मीठ आणि 963.5 ग्रॅम पाणी. त्याचा अपवर्तनांक 35 पीपीटीच्या समुद्राच्या पाण्याइतका येतो. हायड्रोमीटरसाठी मीठ किंचित वाढवून सुमारे 37 ग्रॅम घ्यावे लागते. प्रोबसाठी मात्र हा द्राव चालत नाही, त्याला 53 मिलिसीमेन्स (वाहकतेचे एकक) वाहकतेचा विकतचा द्राव हवा. एक ग्रॅमपर्यंतच दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा इथे अपुरा पडतो, कारण त्याची अर्ध्या ग्रॅमची चूकही अर्ध्या पीपीटीची ठरते. दशांश दाखवणारा काटा घ्यावा किंवा दुप्पट माप करावे. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, तेव्हा बरणीतले मीठ तसेच तोलू नये. सागरी मिठाची तयार पाकिटेही याच कारणाने नुसती तोलून भागत नाही. मीठ पूर्ण विरघळल्यावर पाणी मोजावेच लागते.

वाहकतेचा प्रोब वापरायला सर्वांत सोपा. दर अंशाला वाहकता सुमारे 2 टक्के बदलते, त्यामुळे त्यात तापमानाची दुरुस्ती अंगभूत लागते. घरच्या आरओची तपासणी करणारी टीडीएसची पेनसारखी मीटर मात्र इथे निरुपयोगी: तिची धाव बहुधा दहा हजार पीपीएमच्या (म्हणजे 10 पीपीटीच्या) आत संपते, समुद्राचे पाणी पस्तीस हजारांचे. कोकण किनाऱ्यावरून पाणी भरून आणणाऱ्यांनी ते दर खेपेला मोजावे. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी ते बरेच पातळ होते.

प्रमाण द्रावाची बाटली घट्ट बुचाची असावी. सैल बुचातून तिच्यातलेही पाणी उडते, आणि मग खारट झालेल्या द्रावावर लावलेले साधन टाकीतले पाणी कमी खारट दाखवू लागते.